टिटवीचा जामीनदार

भालचंद्रराव देशिंगकर जात्याच धास्तावलेले. गॅसवर दूध ठेवलं की ओट्यासमोरून हलायचे नाहीत. एसटीत बसले तर ड्रायव्हरच्या मागची जागा धरायचे आणि समोरून ट्रक आला की स्वतःचाच उजवा पाय दाबायचे. कराडजवळच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत त्यांनी केमिस्ट म्हणून उभी नोकरी काढली, आणि तिथे हा स्वभाव गुणात जमा होत असे. घरी होत नसे, कारण घरी कुमुद होती, आणि कुमुदने निवृत्त झाल्यावर विमान बांधायला घेतलं होतं.

अगदी खरं विमान. बाहेरून नकाशे मागवायचे, अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे कापायचे, रिव्हेट मारायचे आणि घरच्या घरी एका माणसापुरतं विमान उभं करायचं, असे हौशी लोक एव्हाना देशात शेकड्याने झाले होते. कुमुद आयटीआयमध्ये पत्राकाम शिकवायची, त्यामुळे पत्र्याशी तिचं पहिल्यापासून जमायचं. इंजिन एका मोडीत निघालेल्या मोटारीचं मिळालं. सहा वर्षं बंगल्यामागच्या शेडमध्ये ठोकाठोक चालली. शेजारच्या तांबेवहिनींनी आधी सोसायटीत तक्रार केली, मग बघायला आल्या, मग रिव्हेट निवडून द्यायला रोज येऊन बसू लागल्या. विमानाला टिटवी हे नाव त्यांनीच ठेवलं, कारण ते एकदा सुरू झालं की कॉलनीत कुणाची झोपायची टाप नव्हती.

विमानाला परवाना मिळाला, आणि परवान्याबरोबर लगाम आला.

ही लगामाची भानगड नीट सांगायला हवी. छोट्या विमानाचं इंजिन बंद पडलं म्हणून ते धोंड्यासारखं खाली येत नाही. पंखांवरून पुरेशी हवा वाहते आहे तोवर ते तरंगत उतरतं, आणि उंची भरपूर असेल तर जागा शोधायला सवडही मिळते. घात होतो तो उड्डाणानंतरच्या पहिल्या मिनिटात. उंची कमी, वेग कमी, आणि नुकतीच सोडलेली धावपट्टी पाठीमागे, अगदी हाकेच्या अंतरावर. माणसाचं मन तिकडे ओढ घेतं आणि तो वळतो. वळायला विमान कलवावं लागतं. कललेल्या पंखांना तेच वजन पेलायला जास्त वेग लागतो, आणि वेग द्यायला इंजिन नसतं. खाली जमीन जवळ येताना दिसते म्हणून तो नाक वर ओढतो, पंखांवरची हवा सुटते आणि विमान एका अंगावर कोसळतं. समोर जे शेत मिळेल त्यात सरळ उतरा, हे प्रत्येकाला पहिल्या आठवड्यातच घोकून घेतलेलं असतं. तरी ऐन वेळी हात वळतोच.

लगाम हा त्या हातावरचा इलाज होता. पोळ्यांच्या डब्याएवढी एक पेटी. इंजिनाचा जोर, वारा, उंची, पुढची जमीन या सगळ्यांवर ती सारखी नजर ठेवायची. जोर गेला की पापणी लवायच्या आत कुठवर पोचता येईल याचा हिशेब करायची, विमान वळवायचा दांडा स्वतःच्या ताब्यात घ्यायची आणि विमान तिथे नेऊन उतरवायची. ती आल्यापासून माणसं मरायची जवळजवळ थांबली. पण पेटी कधीकधी फारच भित्री ठरते, वाचलं असतं असं विमान उगाच खड्ड्यात घालते, अशी ओरडही झाली. पेटी बनवणारे म्हणाले, आम्ही जबाबदार नाही. वैमानिक म्हणाले, मग आमचा हात धरू नका. शेवटी सरकारने आपल्याकडे चालत आलेली युक्ती काढली, तिसऱ्याची सही. नव्या विमानाच्या सुरुवातीच्या उड्डाणांना जमिनीवर एक जामीनदार हवा, त्याच्या हातात एक खटका. वैमानिक ‘सोडा’ म्हणाला आणि जामीनदाराने खटका दाबला तर लगाम सुटेल, एरवी नाही. जामीनदार हा वैमानिकाला चांगला ओळखणारा असावा, असंही नियमात घातलं.

चांगला ओळखणारा म्हणजे नवरा, बायको, बाप नाहीतर भाऊ. नियम लिहिणाऱ्याचं लग्न झालेलं नसावं. पुढे तोच लगाम मोटरसायकलींनाही आला, आईबाप पोरांच्या गाडीचा खटका उशाशी घेऊन निजू लागले आणि ‘तेव्हा का नाही सोडलंत’ या एका वाक्यावरून घराघरांत अबोले सुरू झाले. पण ती पुढची गोष्ट.

जामीनदार होण्याआधी कुमुदने भालचंद्ररावांना समोर बसवून अट सांगितली. चारशे फुटांच्या खाली काही झालं तर ती मागे वळायचं नावही काढणार नाही, पेटी नेईल तिकडे मुकाट्याने जाईल. चारशेच्या वर मात्र ती ‘सोडा’ म्हणाली की यांनी विचार करत बसायचं नाही. फ्लाइंग क्लबच्या विमानात उंच जाऊन, इंजिन मंद करून, तिने हे वळण इतक्या वेळा घेतलं होतं की शिकवणारे विंग कमांडर थोरातही कंटाळले होते. तिचं वळण साडेतीनशे फुटांत बसायचं. वरचे पन्नास तिने नवऱ्याच्या स्वभावासाठी ठेवले होते.

“माझा भरवसा आहे ना तुम्हाला?” तिने विचारलं.

“आहे की.”

“मग शब्द द्या.”

त्यांनी शब्द दिला. भरवसा खरोखरच होता. भीतीही होती, आणि दोन्ही एका माणसात गुण्यागोविंदाने नांदतात असा त्यांचा समज होता.

पहिलं उड्डाण एप्रिलमध्ये ठरलं. गाजावाजा नको असं कुमुदने दहादा सांगूनही माळावरच्या धावपट्टीशेजारी मांडव पडला. बोअरवेलला पाणी लागलं तरी आपल्याकडे माईक लागतो, हे तर विमान. कारखान्याचे अध्यक्ष आबासाहेब प्रमुख पाहुणे होते आणि प्रमुख पाहुण्यासारखेच उशिरा आले. तोवर कुमुदने टिटवी दोनदा धावपट्टीच्या टोकापर्यंत नेऊन आणली होती. इंजिन छान तापलं होतं, पेटीवर हिरवा दिवा होता. आबासाहेब माईकपाशी गेले, पण इंजिनाच्या आवाजात त्यांचं त्यांनाच ऐकू येईना. तेव्हा भालचंद्ररावांनीच कुमुदला हाताने खूण केली, बंद कर म्हणून.

नारळ फुटला. पंख्याला हळदकुंकू लागलं. आबासाहेबांनी कुमुदला शाल आणि श्रीफळ दिलं, आणि मग कार्यकर्त्याच्या हातातली दुसरी शाल घेऊन म्हणाले की खरी मानकरी ही आहे. त्यांनी ती शाल टिटवीच्या नाकावर पांघरली. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. नाकाच्या दोन्ही बाजूंना इंजिनाला वारा घ्यायची भोकं होती, त्यांवर शाल अगदी मापाने बसली. कुमुदने एकदा शालीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. भालचंद्ररावांनी डोळ्यांनीच सांगितलं, राहू दे, भाषण संपू दे. सत्काराची शाल पाहुण्यांच्या देखत ओढून काढायची कशी? तिनेही मग शालीला हात लावला नाही.

भाषण इथेनॉलवर होतं. आपल्या उसाच्या जोरावर आज आपली लेक आकाशात चालली आहे, असं आबासाहेब म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं, कारण त्या वर्षी साध्या पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण तीस टक्क्यांच्या पुढे गेलं होतं आणि टिटवी त्याच पेट्रोलवर चालायची. तापलेलं इंजिन बंद केलं की लगेच निवत नाही. वारा थांबल्यामुळे इंजिनावरच्या झाकणाखालची हवा उलट आणखी तापते, आणि इथे तर वरून शाल होती. त्या उष्णतेत बारीक नळीतलं असलं पेट्रोल विमानाच्या खास पेट्रोलपेक्षा लवकर बुडबुडे धरतं. इंजिन मंद चालताना त्याला लागतं थोडंसंच, म्हणून काही कळत नाही. पूर्ण जोर लावला की धार हवी असते, आणि धारेऐवजी वाफ येते. भालचंद्रराव हे सगळं झोपेतही सांगू शकले असते. द्रवाची वाफ करणं हाच त्यांचा जन्मभराचा उद्योग होता. पण त्या वेळी ते पहिल्या रांगेत बसून भाषणाला मान डोलावत होते.

शाल निघाली, इंजिन सुरू झालं, दिवा पुन्हा हिरवा झाला. भालचंद्रराव खटका घेऊन थोरातांच्या शेजारी उभे राहिले. टिटवी धावली, उचलली गेली, आणि मांडवातले सगळे उठून उभे राहिले. तिचं काम इतकं देखणं होतं की क्षणभर भालचंद्ररावांना भीती वाटायचीच राहून गेली.

मग आवाज बदलला. आधी इंजिन अडखळलं, पुन्हा सावरलं, आणि मग नुसतीच फडफड ऐकू येऊ लागली. खटक्यावरच्या छोट्या पडद्यावर नारिंगी रेघ उमटली. ती सरळ पुढे जाऊन कालव्याच्या अलीकडच्या उभ्या उसात थांबत होती. पेटीने दांडा घेतला होता. पडद्याच्या कोपऱ्यात उंची होती, चारशे दहा.

“सोडा,” रेडिओवर कुमुदचा आवाज आला. ती अजिबात घाबरलेली नव्हती.

भालचंद्ररावांचा अंगठा खटक्यावर होता. थोरात शेजारीच होते, पण जामीनदाराशी त्या वेळी कुणी बोलायचं नाही असा नियम होता आणि ते पाळत होते. चारशे दहाचे चारशे झाले.

“अहो, सोडा. मला जमतंय.”

त्यांनी सोडला नाही. ठरवून नाही सोडला असंही म्हणता येणार नाही. अंगठा नुसता तिथेच राहिला. चारशेच्या खाली गेल्यावर कुमुदने ठरल्याप्रमाणे पुन्हा मागितलं नाही. टिटवी सरळ, समंजसपणे खाली गेली, उसाच्या तुऱ्यांना टेकली, आणि पुढच्या चाकाला उसाने धरल्याबरोबर नाकावर उलटली. मांडवातून एकच कल्लोळ उठला. भालचंद्रराव चपला कुठे पडल्या ते न पाहता धावत सुटले.

उसात शिरून लोकांनी तिला बाहेर काढलं. गळ्याखालचं हाड मोडलं होतं, डावं मनगट मोडलं होतं, बाकी ती धड होती. सहा वर्षांच्या कामाचा मात्र चुराडा झाला होता. रुग्णवाहिकेत भालचंद्ररावांनी तिचा उजवा हात धरला. तिने तो सोडवून घेतला नाही आणि धरलाही नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात ती पहिलं वाक्य बोलली.

“मी चारशेच्या वर होते.”

“दहा फूट,” ते म्हणाले.

“तुमच्यासाठी मी पन्नास आधीच धरले होते.”

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. बायको जिवंत, विमान मोडलं, घरोघरी याहून वाईट घडतं. पण त्या काळात ‘असं झालं असतं तर’ हा प्रश्न मोघम राहिला नव्हता. चौकशी समितीकडे टिटवीचं गणिती जुळं होतं, म्हणजे संगणकातलं हुबेहूब तसंच विमान. कुमुदच्या सरावाच्या नोंदींवरून तिचा हातही त्यात उतरवला होता, ती दांडा किती झटक्यात ओढते, कुठे कचरते, सगळं. त्या जुळ्याला चारशे दहा फुटांवर इंजिन बंद करून हजारो वेळा मागे वळवलं. शंभरातल्या एकाहत्तर वेळा कुमुद धावपट्टीवर सुखरूप उतरली, विमानाला ओरखडाही न पडता. उरलेल्या एकोणतीस वेळा कोसळली. सरळ उसात नेल्यावर शंभरात शहाण्णव वेळा माणूस वाचला आणि विमान प्रत्येक वेळी गेलं. वाफेचं कारण अहवालात एका ओळीत होतं, शालीचा उल्लेखही होता. जामीनदाराने नियम मोडला नाही, असा शेरा होता.

थोरात अहवाल घेऊन घरी आले, चहा न घेताच निघून गेले. ते शहाणे होते.

त्यानंतर देशिंगकरांच्या घरात दोन आकडे राहायला आले. कुमुदचा एकाहत्तर आणि भालचंद्ररावांचा शहाण्णव. भांडण मोठ्याने कधी झालं नाही. भाजीत मीठ जास्त पडलं, गेट उघडं राहिलं, पाहुणे कधी बोलवायचे, कशावरूनही सुरू व्हायचं आणि तिथेच येऊन थांबायचं. शालीवरून मात्र तिने त्यांना एका शब्दाने टोचलं नाही. शाल मीही काढली नाही, असं म्हणून तिने तो विषय संपवला, आणि हा मोठेपणा त्यांना टोचण्याहून जास्त लागला. त्यांचा जीव कशात रमेना. टीव्हीसमोर बसले की उठायचे, उठले की शेडपर्यंत जायचे, रिकाम्या शेडला कुलूप आहे ना बघून परत यायचे. रस्त्यावरून जाणारी एखादी मोटरसायकल अडखळली तरी त्यांचा अंगठा हातातल्या पेपरवर दाबला जायचा.

एका दुपारी कुमुदने कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं, “खरं सांगा. त्या वेळी मनात काय आलं? पेटी बरोबर आहे असं, की मी चुकतेय असं?”

खोटं बोलणं सोपं होतं, पण त्यांना त्याचा कंटाळा आला होता.

“दोन्ही नाही. मी एकटा राहीन, एवढंच आलं.”

तिने घडी अर्धवट ठेवली. “म्हणजे खटका तुम्ही माझ्यासाठी धरला नव्हताच.”

“नाही.”

याने काही मिटलं नाही, पण दोन आकडे त्या दिवसापासून थोडे कमी ऐकू येऊ लागले. पुढच्याच आठवड्यात शेडचं कुलूप निघालं. इंजिन वाचलं होतं, शेपटीचा भाग वाचला होता, बाकी पुन्हा बांधायचं होतं. तांबेवहिनी रिव्हेट निवडायला हजर झाल्या. या वेळी भालचंद्रराव बाहेर घुटमळले नाहीत, आत आले. पेट्रोलची नळी त्यांनी तापत्या भागापासून दूर नेली, तिच्यावर उष्णता अडवणारं वेष्टण चढवलं, आणि इंजिनाला नको असलेलं पेट्रोल फिरून टाकीत परत जाईल अशी दुसरी नळी जोडली, म्हणजे बुडबुडे धरायला ते एका जागी थांबायलाच नको. स्वयंपाकघरात आंबेमोहोराचं पातेलं उतू गेलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं. कुमुदने ते पाहिलं आणि गॅस बंद केला.

दोन वर्षांनी टिटवी पुन्हा उभी राहिली. जामीनदार बदलायचा कुमुदचा निर्णय पक्का होता. ती तो चोरून घेणार नव्हती. तिने सरळ सांगितलं की खटका थोरातांकडे राहील. भालचंद्ररावांनी आपला जामीननामा काढून घेतल्याची सही केली. सही करताना त्यांना इतकं हलकं वाटलं की नंतर दिवसभर स्वतःचीच लाज वाटत राहिली.

मांडव नव्हता, पाहुणे नव्हते. सकाळची गार वेळ होती. कुमुदने इंजिनाचं झाकण शेवटपर्यंत उघडं ठेवलं, मग लावून इंजिन सुरू केलं आणि न थांबता निघाली. थोरात खटका घेऊन धावपट्टीच्या कडेला उभे होते. भालचंद्रराव त्यांच्यापासून जरा लांब, कुंपणाला बाहेरून टेकून. हातात काही नव्हतं, त्यामुळे हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

टिटवी उचलली गेली. इंजिनाचा सूर भरीव होता, एकसारखा. त्यांनी कान देऊन ऐकलं, आणखी कान दिला. उंचीचा त्यांना आता नजरेनेच अंदाज यायचा. तीनशे. साडेतीनशे. चारशेला ती आली आणि त्या सुरात कुठेही खोट नव्हती. आणि तेव्हा, अगदी स्वच्छपणे, त्यांच्या मनात आलं की आत्ता बंद पडावं. थोरात सोडतील, ती वळेल, आणि जगाला दिसेल. पुढे ती कोसळेल हे मनाने उच्चारलं नाही, पण ते त्या विचाराच्या पोटातच होतं. आपण बरोबर होतो हे दिसावं म्हणून त्यांना ते हवं होतं.

विचार आला तसा गेला. पण आलेला होता. ज्या माणसाला एकटं राहायची इतकी भीती होती की त्याने बायकोचा शब्द मोडला, त्याच माणसाच्या मनात तो आला होता. भालचंद्ररावांनी कुंपणाची तार घट्ट धरली.

टिटवीने माळाला दोन मोठ्या फेऱ्या मारल्या आणि वाऱ्यावर अलगद उतरली. थोरातांनी खटका खिशात टाकून टाळ्या वाजवल्या. कुमुद खाली उतरली तेव्हा तिचे केस हेल्मेटने चपटे झाले होते आणि चेहरा लहान पोरीसारखा दिसत होता. ती थोरातांशी हात मिळवून थेट कुंपणाकडे आली.

अभिनंदन करायला हवं होतं. घरून निघताना त्यांनी वाक्यही ठरवलं होतं. तोंडून निघालं ते दुसरंच.

“तू चारशेवर होतीस ना, तेव्हा मला वाटलं इंजिन बंद पडावं,” ते म्हणाले. “खरंच वाटलं. मला तुझ्यापाशी लपवता येणार नाही.”

कुमुदने हातमोजे काढले. ती ते एकात एक खोचत होती, आणि तेवढ्या वेळात भालचंद्ररावांनी स्वतःला सगळ्याची शिक्षा सांगून टाकली. ती निघून जाईल, बोलणं टाकेल, योग्यच करेल.

“मलाही,” ती म्हणाली.

त्यांनी मान वर केली.

“चारशेला मी श्वास रोखून बसले होते. म्हटलं, पड बंद, आता दाखवतेच यांना.” तिने मोजे खिशात कोंबले. “साडेचारशेलाही वाटलं. पाचशेलाही. इतकं छान चाललं होतं ते, आणि मी त्याच्या मरणाची वाट बघत होते.”

दोघंही टिटवीकडे पाहू लागली. निवणाऱ्या इंजिनातून टिकटिक येत होती. भालचंद्ररावांनी कुंपणाच्या तारेवरचे हात काढले. पलीकडे कुमुद उभी होती, आणि आत जायला फाटकापर्यंत जावं लागणार होतं.

“तिथेच थांबा,” ती म्हणाली, “मी येते तिकडे.”